चौथ्या वर्षाचा प्रबंध : अर्थशास्त्राचा विद्यार्थी संशोधन करतो म्हणजे नेमके काय करतो?

बारावीनंतर तीन वर्षांत पदवी आणि पुढे दोन वर्षांत एम.ए., हा हिशेब आपल्या घराघरांत इतका पक्का बसलेला आहे की पदवीला आता चौथे वर्षही आहे आणि त्या वर्षात मूल ‘संशोधन’ करणार आहे असे कळले की पालक गोंधळतात. नाशिकमधील ओळखीच्या कुटुंबांतून मला हा प्रश्न वारंवार विचारला जातो. विज्ञान शाखेतील विद्यार्थी प्रयोगशाळेत काहीतरी करत असेल अशी कल्पना तरी करता येते, पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी संशोधन करतो म्हणजे काय करतो? ग्रंथालयात बसून जाड पुस्तकांतून उतारे काढतो, की चौकात उभा राहून लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतो? ही शंका रास्त आहे, कारण आपल्याकडे प्रकल्पाच्या नावाखाली बरीच वर्षे या दोनच गोष्टी होत आल्या. पदवीच्या वर्गाला शिकवताना मी जे पाहिले, त्याच्या आधारे हा विषय मुळापासून समजावून सांगण्याचा येथे प्रयत्न करतो.

चार वर्षांचा हिशेब

जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला धरून पदवीचा नवा आराखडा दिला. त्यात अभ्यासाचे माप ‘श्रेयांक’ या एककात मोजले जाते. वर्गातील साधारण पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक, तर प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रीय कामाला त्याच्या दुप्पट तासांसाठी एक श्रेयांक, असे हे माप आहे. किमान १२० श्रेयांक मिळवून तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. किमान १६० श्रेयांकांची चार वर्षे पूर्ण करणाऱ्यास ‘ऑनर्स’ पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग निवडता येतो आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध असतो. आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजेच त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या तुकडीला थांबायचे की चौथ्या वर्षाला जायचे, हे २०२७ मध्ये ठरवावे लागणार आहे.

हा प्रबंध म्हणजे पीएच.डी. नव्हे. पीएच.डी.च्या प्रबंधाने त्या विषयाच्या ज्ञानात नवी भर घालावी अशी अपेक्षा असते. पदवीच्या प्रबंधाकडून अपेक्षा साधी असते, पण तिच्यात सवलत नसते. एक छोटा प्रश्न नेमका मांडावा, त्याचे उत्तर पुराव्याने द्यावे आणि तो पुरावा कोठे तोकडा पडतो हे स्वतःच लिहावे.

विषय आणि प्रश्न यांतला फरक

विद्यार्थ्यांची पहिली चूक येथेच होते. ‘नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या समस्या : एक अभ्यास’ हे शीर्षक मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याखालचा निष्कर्ष न वाचताच सांगता येतो : भाव मिळत नाही, साठवणूक अपुरी आहे, शासनाने लक्ष द्यावे. यातले काहीही खोटे नाही, पण हे कळण्यासाठी संशोधनाची गरज नव्हती. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याने ते पाच मिनिटांत सांगितले असते. वरील शीर्षकात विषय आहे, प्रश्न नाही.

प्रश्न असा असतो : ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा लासलगावच्या लाल कांद्याच्या भावात झालेल्या घसरणीपैकी किती घसरण त्या बंदीमुळे होती? किंवा असा : पेठ आणि सुरगाण्याहून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे कामाला येणाऱ्या मजुरांची दिवसाची मजुरी आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधी घेतलेली उचल यांचा काही संबंध आहे का? या प्रश्नांची उत्तरे आधी ठाऊक नसतात. उत्तर आपल्या समजुतीच्या उलटही येऊ शकते, आणि तशी शक्यता उघडी असेल तरच त्या कामाला संशोधन म्हणावे असे माझे ठाम मत आहे.

आधी सातबारा पाहावा

जमीन घ्यायची झाली की आपण आधी सातबारा उतारा काढतो. मालक कोण आहे, पूर्वी कोण होता, इतर हक्कांत कोणाचे नाव आहे, बोजा आहे का, हे पाहिल्याशिवाय इसार देत नाही. संशोधनातील ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ म्हणजे आपल्या प्रश्नाचा सातबारा. हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला, कोणती आकडेवारी वापरली, उत्तर काय आले आणि कोणता कोपरा रिकामा राहिला, हे त्यात पाहायचे असते. पंचवीस लेखांचे प्रत्येकी चार ओळींत सारांश एकाखाली एक लिहिले म्हणजे आढावा झाला, असे अनेकांना वाटते, पण आपल्या प्रश्नाशी भिडणारे सहा लेख नीट वाचून त्यांचे एकमेकांशी कोठे जुळते आणि कोठे बिनसते हे सांगणे कितीतरी अवघड आणि उपयोगाचे असते.

दुतोंड्या मारुती आणि मोजमाप

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर विचारतात. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले, हे आधी विचारतात. मारुतीची मूर्ती पूर मोजण्यासाठी उभारलेली नाही, तरीही ती पुराचा चांगला निदर्शक आहे, कारण ती जागची हलत नाही आणि सर्वांना दिसते. पण पाणी गंगापूर धरणातून किती आले आणि शहरातील नाल्यांतून किती, हे ती सांगू शकत नाही.

अर्थशास्त्रात जवळजवळ सारे मोजमाप असे निदर्शकांमार्फतच होते. ‘गरिबी’ थेट दिसत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास मांडला, त्यात दर माणशी दररोज २२५० कॅलरी पुरवणारे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर मिळते, ती पातळी दारिद्र्याची रेषा मानली. १९६०-६१ च्या भावांनी ती ग्रामीण भागासाठी दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरी भागासाठी २२.५० रुपये होती. यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण वाद होऊ शकला, कारण गरीब कोणाला म्हणतो हे त्यांनी आकड्यात सांगितले होते. पदवीच्या विद्यार्थ्यानेही ‘शेतकऱ्यांची परिस्थिती’ असे मोघम न लिहिता आपण त्यांचे उत्पन्न मोजतो, कर्ज मोजतो की हाती पडलेला भाव मोजतो, हे पहिल्या काही पानांतच सांगितले पाहिजे.

शितावरून भाताची परीक्षा केव्हा चुकते

सगळ्यांना विचारणे शक्य नसते, म्हणून काहींना विचारून सर्वांविषयी अंदाज बांधतात. निवडलेल्या त्या काहींना ‘नमुना’ म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा हे आपले जुने शहाणपण तेच सांगते, मात्र ते एका अटीवर खरे ठरते. पातेल्यातील भात सगळीकडे सारखा शिजलेला असला पाहिजे. तळाशी करपलेला आणि वर कच्चा असेल, तर वरचे शीत दाबून काय कळणार? कॉलेज रोडवरील पन्नास ओळखीच्या घरांतून भरून आणलेल्या प्रश्नावल्यांवरून ‘नाशिककर कुटुंबांची बचत’ सांगणे हे वरचेच शीत दाबणे आहे. शंभर, दोनशे, पाचशे हा आकडा मोठा असण्यापेक्षा ते शंभर कसे निवडले, हे जास्त महत्त्वाचे असते.

खरे तर प्रत्येक विद्यार्थ्याने प्रश्नावली घेऊन निघालेच पाहिजे असे नाही. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या श्रमबल पाहणीची आणि घरगुती खर्चाच्या पाहणीची कुटुंबवार आकडेवारी, नावे व ओळख वगळून, विनामूल्य उतरवून घेता येते. ‘अ‍ॅगमार्कनेट’ या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर असतात. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन तर तालुकानिहाय माहिती देते आणि तरीही ते ग्रंथालयात धूळ खात पडलेले मी पाहिले आहे. राष्ट्रीय पाहणी वापरताना एवढेच ध्यानात ठेवावे की राज्यासाठी पुरेसा असलेला नमुना एका जिल्ह्यापुरता तोकडा पडू शकतो.

भाव पडला, पण कशामुळे?

अर्थशास्त्रातील संशोधनाचा सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत रंजक भाग हा आहे. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही. काढा प्यायल्यावर चार दिवसांत सर्दी गेली, पण ती काढ्याने गेली की जायचीच होती? हे कळण्यासाठी काढा न प्यायलेला तोच माणूस, त्याच आठवड्यात, पाहावा लागेल, आणि तसा माणूस अस्तित्वात नसतो. ‘ते घडले नसते तर काय झाले असते’ याचा विश्वासार्ह अंदाज बांधणे, हे या शास्त्राचे मुख्य काम आहे.

निर्यातबंदीचेच उदाहरण घेऊ. बंदी आली आणि भाव कोसळले, हे जिल्ह्यातील प्रत्येकाने पाहिले. पण डिसेंबरात खरिपाच्या लाल कांद्याची आवक दरवर्षीच वाढते आणि आवक वाढली की भाव उतरतात. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा तोवर संपत आलेला असतो आणि लाल कांदा टिकत नसल्यामुळे शेतकऱ्याला तो ठेवता येत नाही. त्यामुळे ७ आणि १५ डिसेंबरच्या भावांतील सगळा फरक बंदीच्या खात्यावर टाकला, तर हंगामाचा वाटाही तिच्या नावे लागतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे, ज्या वर्षी बंदी नव्हती त्या वर्षांतील याच आठवड्यांत भाव किती उतरले होते ते पाहणे. या वर्षीच्या उतारातून तो नेहमीचा उतार वजा केला की बंदीच्या परिणामाच्या थोडे जवळ जाता येते.

ही ‘फरकातील फरक’ काढण्याची रीत आहे आणि तिचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट फूड उपाहारगृहांतील नोकऱ्यांची संख्या वाढीच्या आधी आणि नंतर मोजली. वेतन वाढले की नोकऱ्या घटतात, हा पाठ्यपुस्तकातला अंदाज होता, पण न्यू जर्सीत पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत तशी घट त्यांना आढळली नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात अशा कामाचा मोठा वाटा होता. या रीतीमागील कल्पना बारावीच्या विद्यार्थ्यालाही कळते : दोन वजाबाक्या, आणि शेजारी खरोखरच तुलनेजोगा आहे का याची कसून तपासणी.

कसून तपासणी म्हणजे काय, हे पुन्हा आपल्या कांद्यावरूनच कळेल. २०२३ मध्ये बंदी हा सरकारचा पहिला निर्णय नव्हता. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क लागले होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरले होते. म्हणजे ज्या काळाला आपण ‘बंदीच्या आधीचा’ म्हणून निर्धास्तपणे तुलनेला घेतो, तोही मोकळ्या बाजाराचा काळ नव्हता. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, पण तेव्हाही टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले, त्यामुळे ‘नंतरचा’ काळही निर्भेळ नाही. आणखी एक बारकावा आकडेवारीत लपलेला असतो. त्या वर्षात जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये लिलाव अनेक दिवस बंद राहिले. त्या दिवसांसाठी तक्त्यात रिकामी जागा दिसते, आणि संगणकावर काम करणारा विद्यार्थी तिथे नकळत शून्य भरतो. शून्य रुपये क्विंटल आणि लिलावच झाला नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. निफाड तालुक्यात वाढलेल्या मुलीला हे सांगावे लागत नाही. लिलाव बंद असताना भरलेला ट्रॅक्टर दारात उभा राहिलेला तिने पाहिलेला असतो. स्थानिक विद्यार्थ्याने स्थानिक प्रश्न घ्यावा असा माझा आग्रह असतो, त्याचे कारण हेच आहे. त्यात भावनेचा भाग थोडा आहे; आकड्यामागे काय घडले हे त्याला अधिक चांगले ठाऊक असते, हा भाग मोठा आहे.

‘वीस-एकवीस वर्षांचे मूल काय नवे शोधणार?’

कदाचित काही नवे शोधणार नाही. पण जुने तपासणे हेही संशोधनच आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये असे मांडले की, देशाचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासदर घसरून सरासरीने उणे ०.१ टक्क्यावर येतो. सरकारी खर्चात कपात करण्याच्या बाजूने युरोप-अमेरिकेत या आकड्याचा खूप आधार घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गाच्या गृहपाठात एखाद्या प्रसिद्ध लेखातील आकडे पुन्हा काढून दाखवायचे होते. ते जुळेनात, म्हणून त्याने मूळ तक्ता मागवला. सरासरी काढताना एक्सेलच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. शिवाय काही वर्षांची माहिती वगळलेली होती आणि देशांना दिलेला भारही वादग्रस्त होता. या साऱ्या दुरुस्त्यांनंतर तोच आकडा २.२ टक्के आला. हर्नडन पदव्युत्तर विद्यार्थी होता हे खरे, पण त्याने केलेली पहिली पडताळणी पदवीच्या चौथ्या वर्षात शिकवता येण्याजोगी आहे. उलट पडताळणीने प्रबंधाची सुरुवात करणे, हा माझ्या मते नवख्यासाठी सर्वांत उत्तम मार्ग आहे.

‘आमचे गणित कच्चे आहे’

कला शाखेतून आलेल्या मुलांना ‘रिग्रेशन’ या शब्दाचीच धास्ती वाटते. त्यामागची कल्पना किराणा दुकानातली आहे. समजा, तुमच्याकडे वर्षभराच्या पावत्या आहेत. त्यांवर साखर, तेल आणि डाळ किती घेतली ते लिहिले आहे, एकूण रक्कम आहे, पण वस्तूंचे वेगवेगळे दर नाहीत. पुष्कळ पावत्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर प्रत्येक वस्तूचा दर काढता येतो. रिग्रेशन हेच करते. एकूण परिणामातून प्रत्येक कारणाचा ‘दर’ वेगळा काढते. पण तुम्ही साखर आणि तेल नेहमी सारख्याच प्रमाणात घेत असाल, तर त्या दोघांचे दर कधीच सुटे होणार नाहीत, कितीही पावत्या असोत. आकडेमोड संगणक करतो. पावत्या कोणत्या आणि वस्तू सुट्या होण्याजोग्या आहेत का, हा विचार माणसाला करावा लागतो आणि त्यासाठी कॅल्क्युलस लागत नाही. दहावीचे गणित आणि सांख्यिकीचा एक नीट शिकलेला पेपर एवढ्यावर प्रामाणिक प्रबंध होऊ शकतो.

‘तयार प्रकल्प विकत मिळतात, संगणकही लिहून देतो’

ही तक्रार खरी आहे. एका तोंडी परीक्षेत माझ्यासमोर दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आले होते. दोघांचे तालुके वेगळे होते, पण तक्त्यांतील टक्केवारी दशांशापर्यंत एकच. त्या दिवशी मला मुलांपेक्षा आपल्याच व्यवस्थेचे जास्त वाईट वाटले, कारण बांधीव वही जमा झाली की गुण द्यायचे, ही सवय आम्ही लावली होती. यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. मूळ आकडेवारी, ती स्वच्छ करताना घेतलेले निर्णय आणि आकडेमोडीची नोंद हे सारे प्रबंधासोबत मागावे, आणि दर पंधरवड्याला मार्गदर्शकाने पंधरा मिनिटे बसून ते पाहावे. लिहून दिलेला मजकूर विकत मिळेल, पण १२ ऑक्टोबरला कोणती नोंद का वगळली, याचे उत्तर काम करणाऱ्यालाच देता येते. मात्र एका शिक्षकाकडे वीस-वीस विद्यार्थी सोपवले तर हा उपाय कागदावरच राहील. अनेक महाविद्यालयांत अर्थशास्त्र विभागात पुरेसे कायम शिक्षक नाहीत, ही या योजनेची सर्वांत दुबळी बाजू आहे आणि ती झाकण्यात विद्यार्थ्यांचे हित नाही.

‘आणखी एक वर्ष कशासाठी?’

ज्याला पदवीनंतर लगेच नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा हवी आहे, त्याने तीन वर्षांनी बाहेर पडावे, त्यात काहीही कमीपणा नाही. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याचा हिशेब वेगळा पडतो. चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एका वर्षात करता येते, म्हणजे एकूण वर्षे पूर्वीइतकीच पाच राहतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांसह मिळवली असेल तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला आणि नेट परीक्षेला बसता येते. पण ७५ टक्क्यांची अट मला पूर्णपणे पटत नाही. पाठांतराच्या जोरावर गुण मिळवणारा विद्यार्थी आणि चांगला प्रश्न विचारणारा विद्यार्थी एकच असेल असे नाही, आणि घरच्या शेतीत राबून शिकणाऱ्या मुलाला सहा सत्रे सलग ही सरासरी राखणे शहरातील मुलापेक्षा जड जाते. संशोधनासह ऑनर्स मिळाले नाही तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील क्षेत्रीय प्रकल्प त्याच रीतीने करण्यापासून कोणी अडवलेले नाही.

शेवटी तोंडी परीक्षेविषयी. तेथे निष्कर्ष सांगायला लावतात, आकडे कोठून आणले विचारतात, आणि हे सगळे विद्यार्थी पाठ करून येतात. मी एक प्रश्न हटकून विचारतो : तुमचा निष्कर्ष चुकीचा आहे असे मला सिद्ध करायचे असेल, तर मी कोणती माहिती शोधू? काहीजण गोंधळतात, काहींना तो अपमान वाटतो. गेल्या खेपेला कांद्याच्या भावावर प्रकल्प केलेल्या एका विद्यार्थिनीने थोडा वेळ विचार केला, प्रकल्पाचे शेवटून दुसरे पान उघडले आणि म्हणाली, “सर, उमराणे आणि पिंपळगाव बाजार समित्यांच्या त्याच आठवड्यांच्या आवकेचे आकडे काढा. तिथे आवक वाढलेली नसेल, तर माझे हंगामाचे म्हणणे टिकणार नाही. मला ते वेळेत मिळाले नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवले आहे.”